दाढेची टोपी आणि रुग्णाचा हक्क

(मंडळाच्या वर्षावास व्याख्यानमालेत वाशिम जिल्ह्यातील सभासद व विद्यार्थ्यांपुढे दिलेले भाषण)



संयोजकांनी आम्हाला ‘आरोग्य आणि आपण’ या विषयावर बोलण्याची आज्ञा केली. विषय फार मोठा आहे आणि आम्ही काही डॉक्टर नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुले शिकवून निवृत्त झालेला हा माणूस. म्हणून मोठ्या विषयाच्या मागे न लागता आम्ही आज फक्त एका दाढेची हकीकत सांगणार आहोत. ती दाढ आमची स्वतःचीच. आज ती आमच्या तोंडात नाही. ती का गेली आणि जाताना काय शिकवून गेली, एवढेच सांगायचे आहे. ऐकताना हसू आले तर खुशाल हसावे. आम्हीही आता हसतो, पण तेव्हा रात्र-रात्र गाल धरून बसलो होतो.

२०२२ च्या जानेवारीत आमची खालची उजवी दाढ ठणकू लागली. आपल्या वऱ्हाडात दाढ दुखली की आधी लवंग, मग तुरटीच्या गुळण्या, मग मेडिकलमधली गोळी आणि सगळ्यात शेवटी डॉक्टर असा क्रम असतो. आम्हीही तोच पाळला. शेवटी जवळच्या शहरातील एका दंतवैद्याकडे गेलो. त्यांचे नाव व गाव आम्ही सांगणार नाही. हे भाषण एका माणसाची बदनामी करण्यासाठी नाही. त्यांनी तपासून सांगितले की कीड नसेपर्यंत गेली आहे, रूट कॅनॉल करावे लागेल आणि वरून टोपी, म्हणजे कॅप, बसवावी लागेल.

हा सल्ला चुकीचा नव्हता, हे प्रथम सांगितले पाहिजे. रूट कॅनॉलमध्ये दाताच्या आतली सडलेली नस काढून पोकळी साफ करतात व भरतात. किडीने आणि कोरण्याने अशी दाढ पोखरलेली असते. तिच्या उरलेल्या भिंती भाकरीचा, चण्याचा, सुपारीचा जोर सहन करू शकत नाहीत. त्या उभ्या चिरतात. म्हणून चौफेर धरून ठेवणारी टोपी लागते. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते ना, तसेच तिचे काम. धाव चाकावर घट्ट बसली तर चाक वर्षानुवर्षे चालते. सैल किंवा वाकडी बसली तर धावच चाकाला खाते.

आता आमची पहिली चूक. डॉक्टरांनी धातूची, धातूवर चिनी मातीचा थर असलेली आणि झिर्कोनियाची असे तीन प्रकार सांगितले. आम्ही एकच प्रश्न विचारला, “सगळ्यात स्वस्त कोणती?” त्यातही पाचशे रुपये कमी करून घेतले. कोणत्या टोपीला किती काळाची हमी, ती कोठे तयार होते, नीट बसली नाही तर काय, यांतले काहीही विचारले नाही. अर्धे पैसे रोख दिले. पावती मागितली नाही. अर्धे पैसे मुलाने मोबाईलवरून पाठवले. आमच्या पत्नी शेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, “कागद घ्या ना काही तरी.” आम्ही म्हणालो, “डॉक्टरला कागद मागणे बरे दिसते का?” बंधूंनो, हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे याच वाक्याची किंमत आम्ही मोजली.

फेब्रुवारीत टोपी बसली. खुर्चीतून उठतानाच जाणवले की तोंड मिटले की आधी तीच दाढ टेकते आणि बाकीचे दात अधांतरी राहतात. आम्ही तसे म्हटले. डॉक्टर म्हणाले, “काका, नवा जोडाही आठ दिवस चावतेच. सवय होऊ द्या.” दाखला इतका पटण्यासारखा होता की आम्ही मान डोलावली आणि घरी आलो.

मित्रहो, जोड्याचा दाखला दाढेला लागू पडत नाही. जोडा कातड्याचा असतो. तो घालून-घालून सैल होतो. टोपी धातूची आणि चिनी मातीची असते. ती सैल होत नाही. सैल व्हायचे ते दाढेचे मूळ आणि दुखायचा तो जबडा. कोणी म्हणेल, नस काढून टाकल्यावर दाढ दुखते कशी? हा प्रश्न आम्हालाही पडला होता. दाताच्या आतली नस जाते हे खरे. पण मुळाभोवती एक पातळ पडदा असतो, त्याने दात हाडाला बांधलेला असतो. दाब त्या पडद्याला कळतो, आणि तो इतका हळवा असतो की दोन दातांमध्ये केसापेक्षा बारीक वस्तू आली तरी आपल्याला समजते. वरणातला एक बारीक खडा सगळे जेवण थांबवतो तो यामुळेच. अशा ठिकाणी टोपी थोडीही उंच राहिली तर प्रत्येक घासाला तो पडदा चेचला जातो.

चौथ्या दिवशी आम्ही परत गेलो. डॉक्टरांनी न तपासताच वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या. पंधराव्या दिवशी पुन्हा गेलो. या वेळी दुसरी तक्रार होती. टोपी आणि मागच्या दाढेच्या मधल्या फटीत प्रत्येक जेवणाला अन्न अडकत होते. तुरीच्या डाळीचे साल, मेथीची काडी, भाकरीचा कण, काही ना काही. हिरडी सुजून लाल झाली होती. डॉक्टर म्हणाले, “काडीने काढत जा.” दीड महिन्याने तिसऱ्यांदा गेलो तेव्हा बाहेर आठ-दहा पेशंट बसले होते. त्यांच्यासमोर ते म्हणाले, “एवढ्या पैशात एवढेच होते. पटत नसेल तर दुसरीकडे दाखवा.”

आम्ही शिक्षक माणूस. वर्गात पन्नास मुलांपुढे बोललो, सभांत बोललो, मोर्चात घोषणा दिल्या. पण त्या दिवशी आठ-दहा माणसांपुढे खाली मान घालून बाहेर आलो. त्यानंतर तेरा महिने डाव्या बाजूने जेवलो. हुरड्याच्या दिवसांत शेतात बसून हुरडा नुसता पाहिला. सकाळी उठल्यावर जबडा जड होई, कानापर्यंत कळ जाई. घरचे म्हणत, “दुसऱ्या डॉक्टरला दाखवा.” आम्ही म्हणत होतो, “एकदा पैसे गेले, पुन्हा कशाला?”

हा आमचा दुसरा दोष. पैसे वाचवायच्या नावाखाली आम्ही दाढ गमावत होतो.

२०२३ च्या एप्रिलमध्ये गाल सुजला तेव्हा मात्र पहाटेची एस.टी. धरून कारंजामार्गे नागपूर गाठले. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय १९६८ पासून आहे. मराठवाड्याकडच्या लोकांना छत्रपती संभाजीनगरचे शासकीय दंत महाविद्यालय १९८२ पासून आहे. आमच्या रिसोडकडच्या मंडळींना तेही सोयीचे पडावे. अशा ठिकाणी शिकणारे विद्यार्थी काम करतात, म्हणून लोक कचरतात. पण त्यांच्या डोक्यावर शिकवणारे डॉक्टर उभे असतात. वेळ जास्त लागतो, खेपा जास्त होतात, पण तपासणी पायरी-पायरीने होते आणि केसपेपरवर लिहिली जाते.

तेथे आमच्या दातांमध्ये एक पातळ रंगीत कागद ठेवला आणि चावायला सांगितले. टोपीवर एका कोपऱ्यात गडद डाग उमटला, बाकीच्या दातांवर जवळजवळ काहीच नाही. मग एक टोकदार सळई टोपीच्या कडेवरून फिरवली. मागच्या बाजूला ती कडेखाली शिरली. म्हणजे टोपी आणि दाढ यांच्यामध्ये फट होती. मग एक्स-रे. कडेखालून कीड आत गेली होती, ती हिरडीच्या खाली पोचली होती आणि मुळाला चीर गेली होती. तेथील डॉक्टरांनी आधीच्या डॉक्टरांविषयी एकही वाकडा शब्द काढला नाही. जे दिसले ते कागदावर लिहिले. आम्हाला एवढेच म्हणाले की वेळेवर आला असता तर टोपी काढून दुसरी बसवता आली असती, आता दाढ काढावी लागेल.

दाढ काढली. कापसात गुंडाळून हातात दिली. तिच्यावर ती टोपी तशीच चमकत होती.

आता यातून सर्वांनी घ्यायचे ते क्रमाने सांगतो. विद्यार्थ्यांनी वही काढली तरी चालेल.

पहिली गोष्ट, टोपी पक्की चिकटवण्याआधीची. टोपी डॉक्टर स्वतः घडवत नाहीत. ते दाढ चौफेर तासून माप घेतात. त्या मापावर प्रयोगशाळेतले कारागीर टोपी तयार करतात. लहान गावातून ते माप पुष्कळदा दुसऱ्या शहरात जाते आणि टोपी परत येते. माप थोडे हलले, तासणे कमी पडले किंवा कारागिराचा हात चुकला तरी टोपी बिघडते. म्हणून टोपी बिघडणे हा गुन्हा नव्हे. कोणाच्याही हातून ते होऊ शकते. बिघडलेली टोपी तपासल्याशिवाय चिकटवणे आणि तक्रार आल्यावर न पाहणे, दोष येथे सुरू होतो.

तेव्हा सिमेंट लावण्याआधी टोपी नुसती बसवून पाहायला सांगावे. चार प्रश्न स्वतःला विचारावेत. तोंड मिटल्यावर सगळे दात पूर्वीसारखे एकदम टेकतात का? शेजारच्या दातांमध्ये धागा घातला तर तो किंचित अडून जातो का, की सहज पलीकडे निघतो? सहज निघाला तर तेथे अन्न अडकणार. जिभेला किंवा हिरडीला कड टोचते का? आणि आरशात पाहिल्यावर दातासारखा दात दिसतो का? यांतले एक जरी उत्तर पटले नाही तरी तेथेच सांगावे. सुन्न करण्याचे इंजेक्शन दिलेले असेल तर चावणे नीट कळत नाही, म्हणून सुन्नपणा उतरल्यावर पुन्हा दाखवायला येईन असे सांगून ठेवावे. शंका असेल तर काही दिवस तात्पुरत्या सिमेंटवर ठेवता येईल का, हेही विचारता येते.

दुसरी गोष्ट, चिकटवल्यानंतरची. एक-दोन दिवस हिरडी हुळहुळली तर घाबरू नये. पण चावताना तीच दाढ आधी लागत असेल तर आठवड्याच्या आत परत जावे. रंगीत कागद लावून उंच जागा शोधायची आणि तेवढीच घासायची, हे काही मिनिटांचे काम आहे. आमची दाढ कदाचित त्या काही मिनिटांवर वाचली असती. कडेला फट असेल तर मात्र घासून भागत नाही, टोपी काढून नवीनच करावी लागते. टोपी निखळली तर ती जपून ठेवून डॉक्टरांकडे न्यावी. घरातल्या डिंकाने किंवा झटपट चिकटणाऱ्या द्रव्याने लावू नये. गालाची सूज वाढत असेल, ताप येत असेल, तोंड उघडत नसेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर मग टोपीचा वाद बाजूला ठेवावा आणि त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. दाताचा पू गळ्यात उतरला तर जिवावर बेततो.

आणि एक आपल्या घरचे सांगणे. खर्रा, सुपारी, तंबाखू तोंडात ठेवून उत्तम टोपी मागू नये. चांगली बसलेली टोपीसुद्धा तिच्या कडेला रोज ब्रश फिरवला तरच टिकते.

तिसरी गोष्ट कागदाची. दाढ गेल्यावर आमच्या मनात राग होता. गावातली दोन-चार तरुण मुले म्हणाली, “सर, चला, आपण जाऊन विचारू.” ‘विचारू’ म्हणजे काय ते आम्हाला समजले. आम्ही त्यांना बसवले. डॉक्टरवर हात उचलणे, दवाखान्याची मोडतोड करणे याविरुद्ध महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे आणि तो अजामीनपात्र गुन्हा आहे. नोकरीच्या उंबरठ्यावरच्या मुलाने आमच्या दाढेसाठी आयुष्य का बिघडवावे? शिवाय ज्याच्याजवळ कागद असतो त्याला आवाज चढवावा लागत नाही.

पण आमच्याजवळ कागद तरी कोठे होता? आमचा पुतण्या वकिलीचे शिक्षण घेतो. त्याने आम्हाला समोर बसवून उलटतपासणीच घेतली. पावती? नाही. आधीचा एक्स-रे? डॉक्टरांकडेच राहिला. तारखा? आठवत नाहीत. शेवटी मुलाच्या मोबाईलमध्ये अर्धे पैसे पाठवल्याची नोंद सापडली, तारखेसह. गोळ्यांची एक चिठ्ठी पत्नीने डब्यात जपून ठेवलेली निघाली. आणि नागपूरचा केसपेपर. या तीन कागदांवर आम्ही उभे राहिलो. जी बाई “कागद घ्या” म्हणाली होती, तिच्याच डब्याने आम्हाला तारले.

पुतण्याने कायदा समजावून सांगितला तो थोडक्यात असा.

डॉक्टरांना प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्याला कोणी कालपरवा दिलेला नाही. आपल्याच महाराष्ट्रातला एक खटला आहे. १९५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्याच्या दवाखान्यात नेले. पुरेशी भूल न देता जोर लावून हाड ओढले गेले आणि तो मुलगा दगावला. त्याचे वडील डॉ. गोडबोले स्वतः डॉक्टर होते. ते न्यायालयात गेले आणि १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. न्यायालयाने डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली. रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरवताना काळजी घेणे, कोणता उपचार करायचा हे ठरवताना काळजी घेणे, आणि तो उपचार करताना काळजी घेणे. मोडलेल्या हाडाला जे लागू, तेच दाढेलाही लागू. मात्र विचार करा, स्वतः डॉक्टर असलेल्या बापाला त्यासाठी पंधरा वर्षे लागली.

सामान्य माणसासाठी वाट सोपी झाली ती १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने. डॉक्टर म्हणत होते की आमचा पेशा म्हणजे दुकान नव्हे. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सांगितले की पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा या कायद्याखाली येते. जेथे सर्वांनाच सर्व उपचार मोफत आहेत ते ठिकाण यात येत नाही. पुढे २०१९ चा नवा ग्राहक कायदा आला आणि २० जुलै २०२० पासून लागू झाला. नव्या कायद्यातून डॉक्टर सुटले, असा दावा काहींनी मुंबई उच्च न्यायालयात केला. तो २०२१ मध्ये फेटाळला गेला आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो मान्य केला नाही.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन आपला वाशिम जिल्हा झाला. त्यामुळे जिल्ह्याच्या कामासाठी आता अकोल्याला जावे लागत नाही. ग्राहकाची तक्रार जिल्हा आयोगाकडे करायची असते. नव्या कायद्याने आपण जेथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही ती करता येते. म्हणजे डॉक्टर दुसऱ्या जिल्ह्यातला असला तरी मालेगाव-मानोऱ्याच्या माणसाने तिकडे हेलपाटे घालण्याचे कारण नाही. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. पण मुदत दोन वर्षांची आहे, ती विसरू नये. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

पैशाचा प्रश्न नसून वागणुकीचा असेल तर राज्य दंत परिषदेकडे लेखी तक्रार करता येते. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने नोंदणी पद्धत आणली. दंतवैद्याचा नोंदणी क्रमांक विचारण्यात अपमान नाही. बाजारात पाल ठोकून कवळ्या विकणाऱ्याकडे तो असणार नाही, हे समजून घ्यावे. आणि उपचाराचे कागद? १९९६ साली मुंबई उच्च न्यायालयाने रहेजा यांच्या प्रकरणात स्पष्ट केले की खर्च घेऊन रुग्णाला त्याच्या कागदपत्रांच्या प्रती दिल्या पाहिजेत. म्हणजे ज्याला आम्ही ‘बरे दिसत नाही’ म्हणत होतो तो आमचा हक्कच होता.

पण या कायद्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही तुमची फसवणूक केली असे होईल. उपचार मनासारखा झाला नाही म्हणजे निष्काळजीपणा झाला असे कायदा मानत नाही. २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांना उगाच फौजदारीत ओढण्यापासून संरक्षण दिले. एखादा शहाणा, साधारण कुशल डॉक्टर जे करील ते केले का, एवढे पाहिले जाते. आणि ते सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रार करणाऱ्यावर असते. म्हणून दुसऱ्या डॉक्टरचा लेखी अभिप्राय आणि आधीचा-नंतरचा एक्स-रे यांना महत्त्व आहे. आणखी एक. दुसऱ्याने टोपी काढण्याआधी तिचा फोटो व एक्स-रे घ्यावा, आणि काढलेली टोपी टाकून देऊ नये. पुरावा तोच असतो.

जून २०२३ मध्ये आम्ही त्या डॉक्टरांना रजिस्टर्ड पोस्टाने पत्र पाठवले, पोचपावतीसह. एका पानाचे. त्यात एकही कडक शब्द नव्हता. कोणत्या महिन्यात टोपी बसवली, किती वेळा आलो, काय सांगितले, काय उत्तर मिळाले, नागपूरला काय दिसले, आणि आम्हाला काय हवे, एवढेच. टोपीचे पैसे परत करावेत आणि आमच्या उपचाराच्या कागदांच्या प्रती द्याव्यात, एवढी मागणी. तीस दिवस दिले. सोबत तिन्ही कागदांच्या झेरॉक्स जोडल्या. मूळ कागद घरात ठेवले.

वीस दिवस काही आले नाही. एकविसाव्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. आवाज आधीचा नव्हता. ते म्हणाले, “काका, तुम्ही एकदा नीट सांगितले असते.” आम्ही म्हणालो, “डॉक्टरसाहेब, तीनदा सांगितले. लिहून मात्र एकदाच दिले.” ऑगस्टमध्ये टोपीचे पैसे परत मिळाले. आम्ही त्याची लेखी पोच दिली. घेताना आणि देताना दोन्ही वेळा कागद, हा आता आमच्या घरचा नियम झाला आहे. आयोगात जाण्याची वेळ आली नाही.

कोणी याला विजय म्हणेल. आम्ही म्हणत नाही. पैसे परत आले, दाढ परत आली नाही. आणि हिशेब मांडला तर दोष एकट्या डॉक्टरांचा नव्हता. त्यांनी तपासले नाही हे त्यांचे. आम्ही स्वस्त मागितले, कागद मागितला नाही, चारचौघांत अपमान झाला म्हणून तेरा महिने गप्प बसलो, हे आमचे. हे सगळे सांगताना आमचीच लाज उघडी पडते हे आम्हाला कळते. तरीही सांगतो, कारण या सभागृहात गाल धरून बसलेला आणखी एखादा माणूस असेलच.

कोणी मोठा माणूस सांगतो एवढ्यावरून मानू नका, अनुभवावर पारखून घ्या, हा कालाम सुत्ताचा उपदेश आम्ही किती भाषणांत सांगितला त्याची गणती नाही. पण पांढरा कोट घातलेला माणूस ‘सवय होईल’ म्हणाला आणि आमच्याच तोंडातला अनुभव आम्ही खोटा मानला. शिकवलेले स्वतःच्या दाढेपर्यंतसुद्धा पोचले नाही, याचे दुःख दाढेपेक्षा मोठे आहे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी काही जण उद्या डॉक्टर व्हाल. २०२४ साली वाशिमलाच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आमच्या पिढीला हे स्वप्नातही नव्हते. त्या खुर्चीमागे उभे राहाल तेव्हा एवढे करा, रुग्ण ‘लागते’ म्हणाला तर आधी पाहा, मग बोला. दंतवैद्याच्या खुर्चीत माणूस तोंड उघडून बसलेला असतो, त्याला बोलता येत नाही. त्याच्या डोळ्यांकडे लक्ष ठेवा. चूक झाली असेल तर ‘झाली, दुरुस्त करून देतो’ म्हणा. एवढ्या एका वाक्याने आमच्यासारखा माणूस जन्मभर तुमचा राहिला असता.

आणि जे डॉक्टर होणार नाहीत त्यांनी आपापल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांबरोबर दवाखान्यात जा. त्यांना प्रश्न विचारता येत नसतील तर तुम्ही विचारा. पावती, एक्स-रे, चिठ्ठी एका पिशवीत ठेवा, वर तारीख लिहा. आमच्या घरी आता अशी एक पिशवी खुंटीला टांगलेली असते. मंडळानेही महिन्यातून एक रविवार असे अर्ज आणि पत्रे लिहून देण्यासाठी ठेवावा, अशी आमची नम्र सूचना आहे. एक टेबल, दोन खुर्च्या आणि लिहिता येणारी चार मुले एवढेच लागते. पहिल्या रविवारी आम्ही स्वतः येऊन बसू.

दवाखान्यात आपण तोंड उघडतो ते दात दाखवायला. त्याच तोंडाने दोन शब्द विचारायलाही शिकू या. बोलण्याच्या ओघात काही अधिक-उणे झाले असल्यास क्षमा असावी. 

जयभीम.